तक्रार-खिडकीवरचा विनोद : एका दुरुस्ती केंद्राच्या सेवेचे परीक्षण

घरगुती उपकरणांच्या सेवा केंद्राचे मूल्यमापन करताना दुरुस्ती वेळेत झाली का, सुटा भाग अस्सल मिळाला का आणि बिल आधी सांगितल्याप्रमाणेच आले का, एवढेच साधारणपणे पाहिले जाते. मी ज्या केंद्राविषयी लिहीत आहे ते या तिन्ही बाबतींत समाधानकारक आहे आणि त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. त्याचे वेगळेपण आहे ते तक्रार-खिडकीवर. चिडून आलेल्या, हट्टाला पेटलेल्या, प्रसंगी अवाजवी मागणी करणाऱ्या ग्राहकाला तिथले कर्मचारी ज्या चातुर्याने आणि खेळकरपणाने हाताळतात, तसे मी दुसऱ्या कोणत्याही केंद्रात पाहिलेले नाही. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः त्या खिडकीचेच आहे.

माझी पावती तयार होत असताना शेजारी एक गृहस्थ अतिशय संतापून बोलत होते. त्यांनी नुकतेच घेतलेले वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागले की जागेवरून सरकत सरकत न्हाणीघराच्या दारापर्यंत येत असे. ‘‘अहो, मशीन घरभर चालत जातं! बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा,’’ एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने त्यांना एकदाही मध्ये तोडले नाही. मशीनचा क्रमांक, खरेदीची तारीख, नेमके कोणत्या टप्प्यावर ते सरकते, हे सगळे त्याने लिहून घेतले आणि मग अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘‘साहेब, चालतंय एवढं तर नक्की झालं. आता ते एका जागी उभं राहून चाललं पाहिजे, ती जबाबदारी माझी.’’ गृहस्थ क्षणभर थांबले आणि त्यांना हसू आवरेना. त्याच क्षणी त्याने पुढचा प्रश्न विचारला, ‘‘मागच्या बाजूचे बोल्ट कोणी काढले होते?’’

समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम वाहतुकीत आपटू नये म्हणून कारखान्यातून निघतानाच मागच्या बाजूने बोल्ट लावून जखडलेला असतो. मशीन घरी बसवताना हे बोल्ट काढायचे असतात. ते तसेच राहिले तर मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांनी कपडे पिळले जात असताना ड्रमला झोके घ्यायला जागाच उरत नाही, सगळे धक्के थेट पेटीला बसतात आणि मशीन सरकू लागते. म्हणजे मशीन बहुधा निर्दोष होते आणि ते स्वतः बसवून घेण्याच्या घाईत ग्राहकाकडूनच ही गोष्ट राहून गेली होती. हे त्यांना चारचौघांत सांगायचे कसे, हा खरा कसोटीचा भाग होता. कर्मचारी म्हणाला, ‘‘ते बोल्ट भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे कोणाच्याच लक्षात येत नाहीत.’’ दोष बोल्टच्या जागेकडे गेला, ग्राहकाला माघार घ्यायला वाट मिळाली आणि बदलून देण्याची मागणी कोणीही ‘नाही’ न म्हणता आपोआप विरून गेली.

मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटला तो क्रम. आधी ऐकणे, मग लिहून घेणे, मग विनोद आणि त्याला लागूनच कामाचा प्रश्न. विनोदाचा रोख मशीनवर होता, त्या गृहस्थांवर नव्हता. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार एखादी गोष्ट आपल्या अपेक्षेला किंवा रीतीला धक्का देणारी आणि त्याच वेळी निरुपद्रवी वाटली, म्हणजे माणूस हसतो. या खिडकीवर नेमके हेच घडते. आपली तक्रार कागदावर आली आहे आणि जबाबदारी घेणारा माणूस समोर आहे, हे कळल्यावरच ग्राहकाला स्वतःची अडचण थोडी निरुपद्रवी वाटू लागते. त्याआधी केलेला विनोद त्याला टिंगलच वाटणार.

दुसरा प्रसंग अधिक अवघड होता. हमीची मुदत संपलेल्या मिक्सरची मोफत दुरुस्ती मागणाऱ्या एक बाई ‘तुमच्या वरिष्ठांनाच बोलवा’ या मुद्द्यावर येऊन अडल्या होत्या. खिडकीवरच्या ज्येष्ठ कर्मचारी स्त्रीने वाद घातला नाही. ‘‘ताई, वरिष्ठांकडे तुमच्याच शब्दांत तक्रार पाठवू. तुम्ही सांगा, मी लिहिते,’’ असे म्हणून तिने खरोखरच लिहायला सुरुवात केली आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. ‘‘‘जगातला सगळ्यात भिकार मिक्सर’ असं लिहू, की नुसतं ‘भिकार मिक्सर’ चालेल? रकाना लहान आहे.’’ त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘नुसतं ‘बिघडलेला’ लिहा.’’ स्वतःचे रागाचे शब्द दुसऱ्याच्या शांत आवाजात परत ऐकले की त्यांची धार स्वतःलाच जाणवते, हे त्या कर्मचारी स्त्रीने नेमके ओळखले होते. हमी संपल्यामुळे दुरुस्ती मोफत होणार नाही, हे तिने त्यानंतर स्पष्ट शब्दांत सांगितले आणि दोष कशात आहे ते तपासण्याचे शुल्क मात्र माफ केले. तक्रारही वरिष्ठांकडे गेली, कारण तक्रारीचा क्रमांक त्या बाईंना तिथल्या तिथे देण्यात आला. हा क्रमांक दिला नसता तर ते सगळे लेखन म्हणजे ग्राहकाला गुंडाळण्याची युक्ती ठरली असती आणि मी या केंद्राचे एवढे कौतुक केले नसते.

ग्राहकाचे म्हणणे नेहमीच बरोबर असते, हे ब्रीद विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोठ्या दुकानांनी लोकप्रिय केले. शिकागोचे मार्शल फील्ड आणि 1909 मध्ये लंडनमध्ये आपले दुकान उघडणारे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांच्याशी ते प्रामुख्याने जोडले जाते. ग्राहकाला फसवले जाण्याची भीती असलेल्या काळात त्या ब्रीदाने मोठे काम केले, यात शंका नाही. परंतु ते अक्षरशः पाळले तर खिडकीमागच्या माणसाला चुकीच्या मागणीपुढेही मान तुकवावी लागते. याच्या अगदी उलट टोकाला साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीचे सहसंस्थापक हर्ब केलेहर यांच्याविषयी नेहमी सांगितला जाणारा किस्सा आहे. प्रत्येक प्रवासानंतर तक्रारीचे पत्र पाठवणाऱ्या एका प्रवासी स्त्रीला त्यांनी ‘तुमची आठवण येत राहील’ अशा अर्थाचे एका ओळीचे उत्तर पाठवले, असे म्हणतात. कर्मचाऱ्यांची बाजू घेणारे वरिष्ठ म्हणून तो किस्सा मला आवडतो. पण तो विनोद म्हणजे ग्राहकाला दिलेला निरोप होता. या केंद्रातला विनोद ग्राहकाला सोबत ठेवतो. रोजच्या कामात हे कितीतरी कठीण आहे, कारण बहुसंख्य त्रासदायक ग्राहक मुळात अडचणीत सापडलेली साधी माणसे असतात.

विनोद कुठे थांबवायचा, हेही इथे ठरलेले दिसते. एका माणसाने तरुण कर्मचारी मुलीला उद्देशून अपशब्द वापरला, तेव्हा कोणीही हसून वेळ मारून नेली नाही. पर्यवेक्षक स्वतः पुढे आले, मुलीला आत पाठवले आणि म्हणाले, ‘‘तक्रार मी लिहून घेतो, आवाज चढला तरी हरकत नाही, पण हा शब्द इथे चालणार नाही.’’ समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून 1983 मध्ये दाखवून दिले की पगारासाठी चेहऱ्यावर ठरावीक भावना वागवणे हेदेखील श्रमच आहेत आणि ते माणसाला थकवतात. अपमान गिळून वर विनोद करण्याची अपेक्षा कोणत्याही मालकाने कर्मचाऱ्याकडून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे आणि या केंद्राने ती ठेवलेली नाही, याचा मला फार आनंद झाला.

आता उणिवा. खिडकीवर जे साधते ते दूरध्वनीवर अजिबात साधत नाही. मी फोन केला तेव्हा माझे पहिले वाक्य पूर्ण होण्याआधीच पलीकडच्या व्यक्तीने एक पाठ केलेली कोटी ऐकवली. चेहरा दिसत नाही, तक्रार ऐकलेली नाही आणि त्यात विनोद, यामुळे चीडच आली. त्याहून वाईट म्हणजे दुरुस्ती लांबली की मोबाइलवर आपोआप येणारा ‘तुमचे मशीन विश्रांती घेत आहे’ हा संदेश. घरात धुण्याचा ढीग साचलेल्या माणसाला हा विलंब निरुपद्रवी नसतो. त्याला विलंबाचे कारण आणि नवी तारीख हवी असते. खिडकीवरच्या माणसांची हजरजबाबी वृत्ती ठरावीक वाक्यांत भरून सर्वांना पाठवण्याचा हा प्रयत्न केंद्राने तातडीने थांबवावा.

एवढे सोडल्यास हे केंद्र मी निःशंकपणे सुचवतो. शक्यतो फोन न करता प्रत्यक्ष जावे, खरेदीची पावती आणि उपकरणाच्या मागे किंवा दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरचा क्रमांक टिपून न्यावा आणि खिडकी सोडण्यापूर्वी तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. मशीन नवे असेल आणि सरकत असेल, तर निघण्याआधी त्याची मागची बाजू एकदा पाहावी.