अँपचं अर्थिंग नव्हतं, बिल मात्र गिटारचं फाडलं: 6,650 रुपये गेले

पिकअप (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) लावलेली अकूस्टिक गिटार अँपला (अँप्लिफायरला) जोडली की ‘घूंऽऽ’ करते म्हणून जळगाव, धुळे, भुसावळकडे कुठे दुरुस्तीला टाकणार असाल, तर आधी हे वाचा. एका दुकानाने घेतले: ‘इंपोर्टेड’ पिकअप आणि प्रीअँपचे (सिग्नल वाढवणारा आतला भाग) 4,800, मजुरी 700, आणि आवाज जसाच्या तसा म्हणून परत नेली तेव्हा ‘शिल्डिंग’चे (वायरभोवतीचं धातूचं आवरण) 1,150. एकूण 6,650 रुपये. दोष गिटारमध्ये नव्हताच. ज्या बोर्डात अँपची थ्री-पिन लावली होती, त्याला अर्थिंगच नव्हतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. पद्धत लिहितो, ती ओळखा.

गिटार घेतली, अडॅप्टरवरच्या अँपला लावली, घूं आवाज आला. लगेच निकाल: “पिकअप गया भाऊ, नवाच टाकना पडी.” काम झाल्यावर तीच गिटार दुसऱ्या अँपला लावून दाखवली, आवाज एकदम स्वच्छ. हा दुसरा अँप बॅटरीवर चालणारा होता! तिथेच हटकायला हवं होतं, की आधी ज्या अँपवर ऐकवलं त्यावरच लाव. आणखी एक खूण समोर होती. पहिल्या वेळी कारागिराचा हात केबल लावतो त्या जॅकच्या धातूला लागला की घूं कमी व्हायचा, हात काढला की वाढायचा. जळालेला पिकअप असा वागत नाही. पण पैसे मोजणाऱ्याने हे सगळं शिकून दुकानात जायचं का? विश्वास टाकला तो कारागीर म्हणूनच ना?

सॅडलखालचा (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) पिझो पिकअप, म्हणजे दाबातून सिग्नल बनवणारा, हाय इंपीडन्सचा असतो, म्हणजे बाहेरचा घूं पटकन पकडतो. त्यात घूं पकडणारी कॉइल नसते, पण प्रीअँपपर्यंतच्या वायरचं शिल्ड नीट जोडलेलं नसेल किंवा पुढे अर्थ नसेल, तर घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा घूं ती वायर आणि तुमचं अंग मिळून पकडतं. म्हणून जॅकला हात लावून बघा. आवाज कमी झाला तर शोध अर्थ आणि शिल्डचा, पिकअपचा नाही. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र ताबडतोब बंद करा. तो लीकेज करंट आहे, म्हणजे वीज धातूत उतरतेय.

मग अँप बॅटरीवर चालवा, किंवा अर्थिंग नक्की चांगलं असलेल्या घरी नेऊन लावा. घूं गेला तर गिटारला हातही लावू नका. लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून ऐका. इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड मोजून घ्या: फेज ते अर्थ साधारण 230 व्होल्ट यायला हवेत. इथे 90 आले, म्हणजे अर्थची वायर जमिनीशी जोडलेलीच नव्हती, नुसती लोंबकळत होती. आपल्याकडे मे महिन्यात काळी माती फाटते, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो, त्याला पाणी लागतं. नवी थ्री-पिन, अर्थिंगची वायर आणि मजुरी धरून 410 रुपयांत आवाज गेला. आणि घूं घालवायला थ्री-पिनचा मोठा पाय कुणी तोडायला सांगितला तर ऐकू नका, जीव जाईल.

घूं वेगळा, खरखर वेगळी. प्लग हलवल्यावर ‘कर्र’ होत असेल तर आधी दुसरी लीड (गिटार ते अँपची केबल) लावा, मग एंडपिन जॅकचा (गिटारच्या बुडाशी असलेल्या जॅकचा) नट घट्ट करा. नट फिरवताना आतला जॅक धरून ठेवा, नाहीतर वायर पिळून तुटते. आवाज फाटत असेल तर 9 व्होल्टची बॅटरी मोजा, साडेसातच्या खाली असेल तर बदला. लीड जॅकमध्ये राहिली की बॅटरी चालूच राहते, वाजवून झालं की काढत जा. ठोके मारल्यासारखी खडखड असेल तर आतली सैल वायर लाकडाला आपटते, फोमच्या टेपने चिकटवा.

नव्या कामाने काय दिलं? सॅडल खालून वाकडं घासल्यामुळे पहिली आणि दुसरी तार मंद वाजते. सॅडलचा तळ सपाट नसला की पिझोवर दाब सारखा पडत नाही. आणि मूळ पिकअप? “काढताना तुटला, फेकून दिला.” चांगला पिकअप गेला तो गेलाच.

पोलीस ठाण्यात सांगितलं, “हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा.” तिकडच्या टेबलावर विचारलं, “बिल कुठंय?” बिलच तर दिलं नव्हतं, रक्कम दुकानाच्या कार्डामागे पेनने लिहिलेली! बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे सांगितलं तर “वकील घेऊन या.” वकील कशाला? ग्राहक स्वतः तक्रार मांडू शकतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य आहे. हे त्या खुर्चीवर बसलेल्याला माहीत नसेल तर कुणाला असणार? एक म्हणाला, “सहा हजारांसाठी एवढी धावपळ?” सहा हजार सहाशे पन्नास, साहेब. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात उभ्या राहणाऱ्या पोरासाठी ती मोठी रक्कम असते. असल्या उत्तरांवरच ही दुकानं पोसली जातात.

पैसे यूपीआयने द्या, पुरावा राहतो. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून परत मागा, गिटार टाकतानाच सांगा. आतला प्रीअँप आणि जॅक यांचे फोटो आधी मोबाईलवर काढून ठेवा. दुरुस्तीआधी आणि नंतर तोच अँप, तीच लीड, तोच बोर्ड, आणि त्याचा व्हिडिओ. दुकानदार नको म्हणाला तर गिटार उचला आणि बाहेर पडा. फसला असाल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून घ्या. ग्राहक आयोगाकडे जायला मुदत दोन वर्षांची आहे.