कार्पेट लॉन, आठ महिन्यांनंतर : गवत पास, पाठीची माती नापास

फेब्रुवारीत अंथरलेलं कार्पेट (म्हणजे मातीच्या थरासकट रोल करून मिळणारं तयार गवत), जात सिलेक्शन नंबर वन, ३०० चौरस फूट, अंधेरीतल्या सोसायटीचं आवार, ऊन सहा तास. खाली सहा इंच लाल माती, शेणखत आणि रेती. मे महिन्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. आता ऑक्टोबरात तीन, आणि कापलेले दोन्ही गुण एकाच गोष्टीपायी: कार्पेटच्या पाठीला चिकटून येणारी चिकणमाती.

सुरुवातीच्या निगेबद्दल तक्रार नाही. अंथरल्यावर रोलर फिरवला, सांधे मातीने भरले. पहिले पंधरा दिवस सकाळ-दुपार पाणी, चौरस मीटरला साधारण पाच लिटर. म्हणजे एवढ्या जागेला एका वेळी नऊ-दहा बादल्या. संध्याकाळी पाणी नाही, कारण रात्रभर ओली राहिलेली पात बुरशीला आवतण देते. गवत तीन इंच झाल्यावर दोन इंचावर कापलं, पातं धारदार लावून. बोथट पात्याने टोकं फाटतात आणि दोन दिवसांत लॉन पांढुरकं दिसतं. महिन्यानंतर युरिया, चौरस मीटरला १० ग्रॅम, कोरड्या पातीवर टाकून लगेच भरपूर पाणी. इथवर सगळं झकास.

मग जुलै. सांताक्रूझला या एका महिन्यात सरासरी ८०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. गवत पिवळं पडू लागलं, पायाखाली पचपच, वर शेवाळ आणि मातीला गटारासारखा वास. पहिला संशय बुरशीवर गेला. मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम, दोनदा फवारलं. औषधाचे पैसे अक्षरशः पाण्यात. खरं कारण कोपरा उचलल्यावर कळलं: पाच महिन्यांनीही कार्पेट गोधडीसारखं सुटून आलं. मुळं त्या इंचभर चिकणमातीतच घुटमळत होती, खालच्या भुसभुशीत मातीत जेमतेम उतरलेली.

भानगड अशी, की बारीक कणांची माती पाणी धरून बसते आणि खालच्या जाड कणांच्या थरात सहजी सोडत नाही. वरचा थर काठोकाठ भिजला की मगच पाणी खाली जातं. म्हणजे खाली कितीही चांगला निचरा करा, मुळं डबक्यातच. तोवर ‘निचरा कमी पडला’ म्हणून माळ्याला बोल लावले जात होते, ते मागे घेतले. उन्हात हाच थर विटेसारखा कडक होतो आणि पाणी वरूनच वाहून जातं. ऑक्टोबर हीटमध्ये गेटजवळच्या कोपऱ्यात सध्या तेच चालू आहे. वर त्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी फुकटात आल्या, त्या वेगळ्याच. ओढून उपयोग नाही, गाठीसकट खणून काढायच्या.

नर्सरीवाल्याचं म्हणणं, ‘जाड माती म्हणजे चांगलं कार्पेट.’ त्याच्या दृष्टीने बरोबरच, चिकणमातीमुळे रोल उचलताना फाटत नाही. आपल्या दृष्टीने उलट: माती जितकी पातळ तितकी मुळं लवकर खाली जातात.

सप्टेंबरच्या उघडिपीत केलेला उपाय: अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा, टोक तिरकं कापून, चार इंच खोल, दर चार इंचांवर टोचला. सळई नको, ती बाजूची माती आणखी दाबते, पाइप मातीची कांडी बाहेर काढतो. एवढ्या जागेला सुमारे २,७०० भोकं होतात, तेव्हा दोन माणसं आणि दोन दिवस धरा. माती दमट हवी, ओली नको, नाहीतर पाइप लिंपून जातो. भोकात धुतलेली नदीची रेती झाडूने लोटायची आणि वर अगदी पातळ थर. सिमेंटच्या चार-पाच गोण्या भरतील एवढी पुरते. क्रश सँडची भुकटी भोकं बुजवते आणि समुद्राची वाळू खारट, दोन्ही नकोत. तीन आठवड्यांत मुळं तीन इंच खाली दिसली. हे मे महिन्यातच करायला हवं होतं.

घेताना पाठीची माती ओली करून अंगठा आणि बोटात दाबा. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता निघाली तर माल परत. दुसरा काही मिळालाच नाही, तर रोल जाळीवर ठेवून पाण्याच्या पाइपाने माती धुऊन टाका आणि उघडी मुळं थेट वाफ्यावर टेकवा. मग मात्र पहिले दहा दिवस दिवसातून तीन-चार वेळा पाणी, कारण ओल धरायला काहीच उरत नाही.

घाई नसेल तर कार्पेटच्या भानगडीत पडूच नका. त्याच गवताच्या जुड्या चार-चार इंचांवर लावल्या तर दोन-तीन महिन्यांत जमीन झाकते, खर्च बराच कमी आणि चिकणमाती नाही. इथे गेटजवळचा एक कोपरा टोचायचा राहिला. बाकी ठिकाणी पाणी बघता बघता जिरतं, तिथे अजून तळं साचतं. तो फेब्रुवारीत उपटून जुड्याच लावायच्या आहेत.