तीन बॉलवालं स्पायरोमीटर, बाबांच्या ऑपरेशननंतर वापरलेलं

न्यूमोनियानंतर बाबांच्या उजव्या फुफ्फुसाभोवती पू झाला. फुफ्फुसावर दोन पातळ आवरणं असतात ना, त्यांच्या मधेच तो साठून जाड साल तयार झाली आणि फुफ्फुस फुगेचना, मग दुर्बिणीतून डेकॉर्टिकेशन केलं, म्हणजे ती साल सोलून काढली. बरगड्यांमधून नळी, खाली पाण्याची बाटली, खोकलं की त्यात बुडबुडे. आणि हातात हे स्पायरोमीटर दिलं, म्हणजे पाईपने श्वासाचा व्यायाम करायचं, आत तीन बॉल असलेलं साधन.

आम्ही पहिला अख्खा दिवस त्यात फुंकतच होतो!! कोणी नीट सांगितलंच नाही, फिजिओथेरपीवाल्या ताई आल्या तेव्हा कळलं की फुंकायचं नाही, ओढायचं. पाकिटावर मराठीत दोन ओळी छापल्या असत्या तरी पुरलं असतं, याचा मला खरंच राग आहे.

बॉलवर 600, 900, 1200 लिहिलंय, म्हणजे सेकंदाला तेवढे मिली हवा ओढली की तो बॉल वर जातो. झटका मारून तिन्ही उडवण्यापेक्षा एकच बॉल सावकाश वर नेऊन दोन-तीन सेकंद धरायचा, त्याने फुफ्फुसाच्या तळाचे मिटलेले वायुकोश उघडतात. टाके दुखतात म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, ताईंनी छातीशी उशी दाबून धरायला शिकवलं.

वस्तू हलकी आहे, धुता येते, फक्त पाईप सारखा निसटतो. चौथ्या दिवशी दुसरा बॉल टिकला तेव्हा आईने आधी देवापुढे दिवा लावला.