अमेरिकेचा पिवळा टॅग की इंग्लंडचं लाल लेबल?

परवा लातूरला गंजगोलाईत पुतणीसाठी नाईटसूट घेतला, एक्सपोर्टचा माल म्हणे, त्याला पिवळा टॅग लटकत होता. दुकानदार म्हणाला काढून टाका हो ते. मी म्हणलं थांबा जरा, वाचायलोय ना. लिहिलेलं होतं, कपडा अंगाला घट्टच बसला पाहिजे, हा आग रोखणारा नाही.

तर अमेरिकेत असंय की ९ महिन्यांच्या वरच्या लेकरांचा झोपायचा कपडा एकतर आगीच्या टेस्टमधे पास पाहिजे नाहीतर मग घट्ट (त्यालाच हा पिवळा टॅग), कारण ढगळ कापड लोंबतं आणि ज्योतीला पटकन लागतं. नियम मोडला की रिकॉल, म्हंजे विकलेला माल कंपनी परत बोलावते, आईबापांना सांगतात कपडा कापा, फोटो पाठवा, पैसे परत घ्या. मला हे लई पटलं, पण तोवर लेकरू तोच कपडा घालून झोपलेलं असतंय की.

इंग्लंडात १९८५ चे नियम. लहान मुलांचा गाऊन टेस्टमधे पास झालाच पाहिजे, तान्ह्या बाळांच्या कपड्याला लेबल पुरतं, टेस्ट पास नसंल तर लाल अक्षरात 'आगीपासून दूर ठेवा'. तिथं ट्रेडिंग स्टँडर्ड्सवाले, म्हंजे स्थानिक कौन्सिलची माणसं, सरळ दुकानात येऊन तपासतात.

मला विचाराल तर दुकानात येणारा माणूसच बरा. आपल्याकडं हिवाळ्यात शेकोटीपाशी लेकरं ढगळ फ्रॉक घालून बसायलेत अन टॅग तर गल्ल्यापाशीच कात्रीनं कापला जातो.