जीन्सच्या बदल्यात आलेला झेनिट-ई

मामा 1979 ला मॉस्कोत शिकायला होते तेव्हाचा हा झेनिट-ई, सोव्हिएत फिल्म कॅमेरा, दुकानातून नाही, वापरलेल्या जीन्सच्या बदल्यात! तिकडे सरकारी दुकानात परदेशी जीन्स, च्युइंगगम मिळायचं नाही ना, मग फॉरेनरना गाठून असले सौदे करणारी पोरं असायची, पकडलं तर जेल, म्हणून सगळं गुपचूप.

असो, कॅमेरा. जड म्हणजे वरवंटाच, शटरचा वेग 1/30 ते 1/500 सेकंद एवढाच, पण उजेड मोजायला सेलेनियम मीटर (उजेडावरच चालणारा) असल्याने सेल लागतच नाही. आणि ती हेलिओस 44-2 लेन्स, फोटोत मागची धूसर झाडं अशी गरगर फिरवते की बास! लोक ही लेन्स अजून मिररलेसला (आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला) अॅडॉप्टर, म्हणजे जोडणारी रिंग, लावून वापरतात. सेकंडहँड घेताना उन्हात धरून मीटरची सुई हलते का बघा, बरेच मीटर मेलेले असतात.