“आंबे हिरवे का पाठवलेत?” – ब्लॉगर वापरून चार हंगाम

देवगड तालुक्यात आमची हापूसची सव्वादोनशे कलमं आहेत. सासऱ्यांच्या काळापासून माल वाशीच्या घाऊक बाजारात पाठवायचा आणि पट्टी, म्हणजे दलालाचा हिशेब, येईल ती मुकाट्याने घ्यायची, असंच चालायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते अडलं आणि आम्ही ओळखीपाळखीने मुंबई-पुण्याला थेट पेट्या देऊ लागलो. ओळखी संपल्या, तेव्हा ब्लॉगचं खूळ डोक्यात शिरलं.

पहिल्यांदा ते खूळ मी पैसे मोजून पुरवलं. एका डिजिटल मार्केटिंगवाल्याकडून बारा लेखांचं पॅकेज घेतलं, १८,००० रुपयांना. पहिल्या लेखाचं नाव ‘आंबा खाण्याचे १० आश्चर्यकारक फायदे’, सुरुवात ‘आंबा हा फळांचा राजा मानला जातो’ आणि वर फोटो तोतापुरीचा, चोचीसकट. सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, “ह्यो आपलो आंबो न्हय.” बारा लेखांत आमच्या बागेचं असं काही होतं तर तो खाली दिलेला फोन नंबर. हंगामभर त्यावरून एकच फोन आला, तोही आमच्याकडे पेट्या छापून घ्या म्हणणाऱ्याचा.

मग मी स्वतःच लिहायचं ठरवलं, ब्लॉगरवर. ही ब्लॉग चालवायची गूगलची फुकटातली सोय. सुरू झाली १९९९ मध्ये, गूगलने घेतली २००३ मध्ये. “मामी, हे अजून चालू आहे?” भाच्याने विचारलं. चालू आहे. जीमेलचं खातं असलं की पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा राहतो. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तर तो वर्षाला हजारभर रुपयांना बाहेरून घेऊन इथे जोडता येतो, जोडण्याचे पैसे पडत नाहीत.

काय लिहायचं, ते ग्राहकांनीच सांगितलं. दर एप्रिलमध्ये पेटी पोचली की तासाभरात फोन: “आंबे हिरवे का पाठवलेत?” आम्ही फळ चौदा आणे, म्हणजे सोळापैकी चौदा हिश्श्यांनी, तयार झालं की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवतो. ते पेंढ्यात, अढीत पिकतं. घरी बॉक्स उघडा, फळं एका थरात पसरा, दिवसाआड हलक्या हाताने फिरवा, फ्रिजमध्ये ठेवू नका. वास सुटला आणि सालीला किंचित सुरकुती आली की कापा. एवढंच लिहिलं आणि त्याची लिंक प्रत्येक ऑर्डरबरोबर पाठवली. फोन निम्म्याहून कमी झाले. एप्रिलमध्ये दिवसाचे वीस फोन कमी होणं म्हणजे काय, ते बागायतदारालाच कळेल.

दुसरा लेख साक्यावर. यावरून घरात वाजलं. साका म्हणजे गरात पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. बाहेरून अजिबात ओळखू येत नाही. फळ झाडावर जास्त पिकू दिलं, किंवा उतरवल्यावर उन्हात तापलेल्या जमिनीवर राहिलं, की प्रमाण वाढतं. म्हणजे हिरवं का काढतो, त्याचं अर्धं उत्तर हेच. हे म्हणाले, “आपल्याच मालाची बदनामी आपणच करायची?” मी तरी लिहिलं. साका टाळण्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ जात १९८१ मध्ये काढली, पण हापूसची चव मागणारा माणूस रत्नावर समाधान मानत नाही, हेही लिहिलं. शेवटी एक ओळ: साक्याचं फळ निघालं तर कापलेला फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देऊ. चार हंगामांत सर्वांत जास्त वाचला गेला तो हाच लेख. ठाण्याच्या एका बाईंनी तो वाचून पहिल्याच फोनवर चार पेट्या सांगितल्या. म्हणाल्या, “बाकी सगळे म्हणतात आमच्यात साका नसतोच.”

आता ब्लॉगरबद्दल. मराठीत लिहिणाऱ्याने एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांभाळावी. मथळा देवनागरीत असला की लेखाच्या पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडे येतात. लेख लिहायच्या पानावर उजवीकडे ‘पर्मालिंक’ म्हणजे लेखाच्या पत्त्याची जागा असते, तिथे जाऊन इंग्रजी अक्षरांत स्वतः नाव द्यायचं. मला हे सहाव्या लेखानंतर कळलं. वर्डप्रेस ही ब्लॉगची दुसरी सोय पत्त्यात देवनागरी घेते खरी, पण क्रोममधून कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की त्या नावाची टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होते आणि समोरच्याला ती लिंक संशयास्पद वाटते. तेव्हा नाव आपणच दिलेलं बरं.

गूगलचं सर्च कन्सोल जरूर जोडा, तेही फुकट. लोक काय शोधत आपल्यापर्यंत येतात ते त्यात दिसतं. बहुतेक जण मराठी प्रश्नही इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, हे मला तिथेच कळलं. ब्लॉगरच्या स्वतःच्या आकडेवारीवर मात्र मी भाळत नाही. परदेशातून एका रात्रीत चारशे भेटी दिसल्या म्हणून कोणी चारशे डझन मागवत नाही.

दुकानासारखी खरेदीची टोपली इथे नाही. मी व्हॉट्सॲपची लिंक लावते आणि ऑर्डर वहीत लिहिते. दोनशे पेट्यांपर्यंत वही पुरते. हजार पेट्यांचा धंदा असेल तर दुसरं काहीतरी बघा. आणि आठवड्यात माल खपवायचा असेल तर ब्लॉगच्या नादाला लागूच नका. माझ्या पहिल्या हंगामात ब्लॉगवरून अकरा पेट्या गेल्या. चौथ्यात एकशे चाळीस. त्यातही निम्मी जुनीच माणसं, लिंक पुढे पाठवणारी.

मला सर्वांत उपयोगी पडली ती लेखाची तारीख आधी लावून ठेवायची सोय. मार्चमध्ये काढणी सुरू झाली की पेनाला हात लागत नाही. म्हणून मी आषाढात लिहिते. बाहेर मुसळधार, लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात. सासरे पडवीतून विचारतात, “ह्यां सगळां वाचतलो कोण?” ‘पेटी उघडल्यावर काय करावे’ हा लेख यंदा नव्याने लिहून ५ एप्रिल, सकाळी सात, असा लावून ठेवलाय. त्या वेळी मी कलमाखाली झेला धरून उभी असेन.