सेफ एक्झाम ब्राउझर आणि मूडल: ३०० पोरं, ६० पीसी आणि एक गुरुवार

आमच्याकडे इंटर्नलची एमसीक्यू परीक्षा गेली तीन वर्षं कॉम्प्युटरवरच होते. लॅब माझ्या गळ्यात असल्यामुळे सगळी उस्तवारी माझ्याकडेच, आणि परवा परत एका मित्राचा फोन आला की आमच्या कॉलेजला पण चालू करायचंय, कसं आहे रे ते, म्हणून सेफ एक्झाम ब्राउझर आणि मूडलबद्दल एकदाचं लिहूनच टाकतो.

फुकट आहे, हे आधी सांगतो. दोन्ही ओपन सोर्स. मूडलवर, म्हणजे ऑनलाइन कोर्स आणि परीक्षा चालवायच्या सॉफ्टवेअरवर, पेपर असतो आणि झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात बनलेला हा ब्राउझर पोरांना त्या पेपरात कोंडून ठेवतो. विंडोज, मॅक, आयपॅडवर चालतो, लिनक्सवर नाही, त्यामुळे उबंटूवाल्या २० पीसींवर परत विंडोज टाकत बसलो, दोन शनिवार गेले त्यात. मूडल ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, क्विझच्या सेटिंगमध्येच याचा पर्याय येतो, तो लावला की साध्या क्रोममधून पेपर उघडतच नाही.

कोंडण्याचं काम मात्र चोख. टास्कबार गायब, आल्ट-टॅब बंद, टास्क मॅनेजर येत नाही, मागे झूम चालू राहिलं असेल तर आधी ते बंद करा म्हणतो. एका बहाद्दराने स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमधून (लॅपटॉपच्या आत चालणारा खोटा पीसी) ट्राय केलं, सुरूच झालं नाही. पण खिशातला मोबाईल आणि शेजारचा मॉनिटर हे दोन्ही त्याच्या हाताबाहेरचं आहे, तिथे सुपरवायझरच लागतो, तोही डोळे उघडे असलेला. म्हणून उत्तरांचे पर्याय शफल करतो आम्ही, म्हणजे प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने दिसतात. आता एका मॅडमच्या पेपरात 'वरीलपैकी सर्व' होतं, ते शफल होऊन पहिल्या नंबरावर जाऊन बसलं आणि त्याच्या वर काहीच नाही. पोरं हसून हसून लोळायची बाकी होती.

पोरांना शिकवावं लागत नाही फारसं. सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवरच असल्यामुळे सगळी सरावलेली येतात, फक्त 'सर, मार्क फॉर रिव्ह्यू कुठाय' हे दर बॅचला, तर तो प्रश्नाच्या डावीकडचा छोटा झेंडा.

खरी मारामारी पहिल्या पाच मिनिटांत. ६० जण एकदम स्टार्ट दाबतात आणि आमचा सर्व्हर, म्हणजे स्टाफरूममधून उतरवलेला जुना डेस्कटॉप, धापा टाकायला लागतो. सेशन्स (कोण लॉगिन आहे त्याच्या नोंदी) डेटाबेसमधून काढून रेडिसवर, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या वेगवान साठ्यावर टाकली, पानावर एकाऐवजी पाच प्रश्न ठेवले, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो साध्या गोष्टीने, 'पहिली रांग चालू करा, बाकीचे थांबा'. मामा दारात उभे राहून रांगा सोडतात, पंगतीत वाढतात तसं.

आता गुरुवार. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाऊ शकते हे शेंबड्या पोरालाही माहितीये, तरी टाईमटेबल लावणाऱ्यांनी गुरुवारच धरला. दुसरी बॅच, ११ वाजून १० मिनिटं, खट्ट. सर्व्हरचा यूपीएस वेगळा होता म्हणून तो जगला, लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या म्हाताऱ्या झालेल्या, २२ पीसी गेले. जनरेटर चालू होऊन मशिनी परत वर यायला २५ मिनिटं. एक मुलगी रडायलाच आली होती, लॉगिन केल्यावर म्हणाली, सर सगळं टिक केलेलं तसंच आहे. मूडल दर मिनिटाला उत्तरं आपोआप सेव्ह करतं, त्यामुळे गेलं तर शेवटच्या मिनिटाचं. पण घड्याळ सर्व्हरवर चालूच असतं! ४५ मिनिटांच्या पेपरातली २५ हवेत. वेळ वाढवायला ओव्हरराइड (त्या मुलापुरती किंवा ग्रुपपुरती वेगळी सेटिंग) द्यावं लागतं, ग्रुप केलेले असते तर एका क्लिकचं काम, नव्हते केले, मग २२ जणांना एकेक करून देत बसलो आणि सगळे माझ्या मानेवर. आता प्रत्येक बॅचचा ग्रुप आदल्या दिवशीच बनतो. आणि एक जुना नेटवर्क स्विच पण त्याच दिवशी मेला, नवा तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणला, कनेक्टरचं पाकीट घेऊन ठेवलं ते वेगळं.

कमी काय? क्विट पासवर्ड. बाहेर पडायला तो लागतो असं आम्हीच सेट केलेलं आणि एका सेमिस्टरला तो कोणालाच आठवेना, पुढची बॅच जिन्यात उभी आणि आम्ही पॉवर बटण दाबून दाबून ६० पीसी बंद करतोय. विंडोजच्या सेटिंग्ज अडकून राहिल्या तर सोबत एक रीसेट युटिलिटी येते, पण ती आहे हे मला नंतर कळलं, हे अर्थात माझंच चुकलं.

पाचातले चार स्टार. ब्राउझरची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाईल पाहिजे असेल तर माझी देतो, फक्त पासवर्ड बदलून घ्या आणि कुठेतरी लिहून ठेवा, आमचा आता लॅबच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.